पडद्यावरचे नाव आणि कागदावरचा मालक

प्रश्न : रात्रीच्या बातम्यांची वेळ झाली की आमचे वडील अजूनही 'स्टार माझा लाव' असेच सांगतात. ते नाव जाऊन किती वर्षे झाली! पुढे 'ई टीव्ही मराठी'चे 'कलर्स मराठी' झाले, 'आयबीएन लोकमत'चे 'न्यूज१८ लोकमत' झाले. ही नावे का बदलतात? मालक बदलला की नाव बदलावेच लागते का? आणि नाव बदलल्यावर ती वाहिनी तीच राहते, की दुसरीच होते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वडिलांच्या वाहिनीपासूनच सुरुवात करू, कारण तिची गोष्ट बहुतेकांच्या समजुतीच्या अगदी उलटी आहे. 'स्टार माझा'चे 'एबीपी माझा' झाले तेव्हा वाहिनी विकली गेली असेच लोकांना वाटले. प्रत्यक्षात 'स्टार' हे नाव पडद्यावर झळकत होते तेव्हाही वाहिनीची मोठी मालकी कोलकात्याच्या आनंद बझार पत्रिका समूहाकडेच होती. एबीपी ही त्याच समूहाची अक्षरे.

याचे मूळ २००३ सालच्या एका सरकारी नियमात आहे. भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांहून जास्त नको, असे त्या वर्षी ठरले. स्टार ही तेव्हा रुपर्ट मरडॉक यांची कंपनी. तिला बातम्यांचा व्यवसाय भारतात करायचा असेल तर भारतीय भागीदार घेणे भागच होते. त्यातून एमसीसीएस नावाची कंपनी उभी राहिली. तिच्यात ७४ टक्के वाटा आनंद बझारचा आणि २६ टक्के स्टारचा. हिंदीतली 'स्टार न्यूज', बंगालीतली 'स्टार आनंद' आणि २००७ च्या जूनमध्ये सुरू झालेली आपली 'स्टार माझा' या तिन्ही वाहिन्या याच कंपनीच्या. 'स्टार' हे नाव मात्र स्टारच्या मालकीचे, आणि ते या कंपनीला वापरण्यापुरते दिलेले होते. एप्रिल २०१२ मध्ये स्टारने ते नाव परत घेत असल्याचे जाहीर केले आणि १ जून २०१२ पासून तिन्ही वाहिन्या एबीपीच्या नावाने दिसू लागल्या.

म्हणजे पाच वर्षे पडद्यावर एक नाव होते आणि कागदावर मोठा मालक दुसराच होता. नाव बदलले त्या दिवशी दुकानावरची पाटी सातबाऱ्याशी जुळली, इतकेच घडले. निवेदक तेच होते, वार्ताहर तेच होते, संपादकीय विभाग तोच होता. तेव्हा वडील 'स्टार माझा' म्हणतात ती वाहिनी आणि आजची 'एबीपी माझा' एकच आहे, असे त्यांना निःशंकपणे सांगा.

या नामांतरात एक गोष्ट फार शहाणपणाने जपली गेली. 'स्टार' गेला, 'माझा' राहिला. 'माझा कट्टा', 'माझा विशेष' अशी कार्यक्रमांची नावेसुद्धा त्याच शब्दावर उभी आहेत, त्यामुळे प्रेक्षकाशी जोडणारा धागा तुटला नाही. 'आयबीएन लोकमत'चेही तसेच. २००८ साली नेटवर्क१८ आणि लोकमत समूह यांनी मिळून ती वाहिनी काढली. नेटवर्क१८ ने पुढे आपल्या सगळ्या वृत्तवाहिन्यांना 'न्यूज१८' हे एकच नाव द्यायचे ठरवले. इंग्रजीतली 'सीएनएन-आयबीएन' २०१६ मध्ये 'सीएनएन-न्यूज१८' झाली आणि मागोमाग मराठी वाहिनीवरचीही आयबीएन ही अक्षरे गेली. 'लोकमत' राहिले. या दोन्ही ठिकाणी बदलला तो दिल्ली-मुंबईत ठरणारा शब्द. मराठी माणूस ज्याला आपले म्हणतो तो शब्द जागेवर राहिला, आणि लोकांनी नवे नाव पचवले त्याचे मोठे श्रेय मला या शब्दालाच द्यावेसे वाटते.

नाव बदलणे हे बाहेरून वाटते तेवढे सोपे काम नाही. वाहिनीचे नाव आणि बोधचिन्ह माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीत नोंदलेले असते. ते बदलायचे तर मंत्रालयाची नव्याने मंजुरी लागते आणि नवे नाव वापरण्याचा हक्क आपल्याकडे असल्याचे कागद दाखवावे लागतात. मग केबलवाले आणि डीटीएच कंपन्या यांच्या कार्यक्रमसूचीत नाव बदलून घ्यायचे. वाहिनीचा क्रमांक सहसा तोच राहतो, त्यामुळे रिमोटवर बोटाने वाहिनी ओळखणाऱ्या प्रेक्षकाला काही दिवस फरक जाणवतही नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे यंत्र तर नाव पाहतच नाही. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, तिच्यावरून ते वाहिनी ओळखते.

खरी धांदल न्यूजरूममध्ये उडते. पडद्याच्या कोपऱ्यातला लोगो, बातमीखालची अ‍ॅस्टनची पट्टी, टिकर, बातमीपत्राची सुरुवातीची धून, स्टुडिओची मागची भिंत, ओबी व्हॅनवरचे रंगकाम, हे सगळे ठरलेल्या घटकेला एकदम बदलावे लागते. जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेल्या वार्ताहरांच्या हातातले बूम, म्हणजे वाहिनीचे नाव लावलेले माइक, बदलायचे असतात. गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या वार्ताहरापर्यंत नवा बूम वेळेत पोचला नाही तर पुढाऱ्याच्या पत्रकार परिषदेत टेबलावर जुने नाव दिसते. आणि शेवटी जीभ. 'कॅमेरामनसह मी अमुक, तमुक वाहिनी' असे दिवसातून चार वेळा म्हणणाऱ्याच्या तोंडून जुने नाव जायला वेळ लागतो. जुन्या चित्रफितींचा प्रश्न वेगळाच. लोगोशिवायची स्वच्छ प्रत जपून ठेवली असेल तर ठीक. नाहीतर दहा वर्षांनी एखाद्या नेत्याचे जुने विधान दाखवताना त्याच्या डोक्यावर गेलेले नाव तरंगत राहते.

आता 'ई टीव्ही मराठी'कडे येतो. इथे मालकी खरोखरच बदलली. रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने २००० साली ही वाहिनी सुरू केली. हैदराबादेतून चालणाऱ्या या वाहिनीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घर केले. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तिच्यावर चालली. जानेवारी २०१२ मध्ये नेटवर्क१८ समूहातल्या टीव्ही१८ ने ई टीव्हीच्या तेलुगूबाहेरच्या वाहिन्या घेण्याचा व्यवहार जाहीर केला. तो दोन हजार कोटींच्या घरातला होता आणि पूर्ण व्हायला २०१४ चा जानेवारी उजाडला. नेटवर्क१८ मध्ये रिलायन्सचा पैसा येत होताच. २०१४ मध्येच त्या समूहाचा ताबाही रिलायन्सकडे गेला. एवढी सगळी उलथापालथ होत असताना पडद्यावर नाव काय होते? ई टीव्ही मराठी. प्रेक्षकाला काही बदलल्याचे कळले ते मार्च २०१५ मध्ये, जेव्हा 'कलर्स मराठी' हे नवे नाव रंगीबेरंगी जाहिरातींसह आले. तेलुगू ई टीव्हीचे नियंत्रण रामोजींच्या समूहाकडेच राहिले, म्हणून तिचे नावही तसेच राहिले.

व्यवहार जाहीर झाल्यापासून नाव बदलेपर्यंतची ही तीन वर्षे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटतात. नाव बदलले की वाहिनी ते ढोल वाजवून सांगते. मालक बदलला की एक पत्रक निघते, शेअर बाजाराला कळवले जाते, अर्थविषयक पानांवर बातमी येते आणि वाहिनी स्वतः आपल्या प्रेक्षकाला त्यातले अवाक्षर सांगत नाही.

नाव आणि मालक यांची अशी फारकत दोन्ही बाजूंनी होते. 'अल्फा टीव्ही मराठी' २००५ मध्ये 'झी मराठी' झाली तेव्हा मालक तोच होता. झी समूहाला सगळ्या भाषांतल्या वाहिन्या एका नावाखाली आणायच्या होत्या. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आधी 'डीडी-१०' होती, मग 'सह्याद्री' झाली. मालकी सरकारी ती सरकारीच. उलट 'स्टार प्रवाह' पाहा. २००८ मध्ये ती निघाली तेव्हा मरडॉक यांची होती. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने मरडॉक यांच्या फॉक्सचा मोठा भाग घेतला, त्यात स्टार इंडियाही गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि रिलायन्सची व्हायकॉम१८ यांचे विलीनीकरण होऊन 'जिओस्टार' कंपनी झाली. तीन वेगळ्या मालक्या झाल्या, पण कोपऱ्यातले नाव तेच आहे. मालिका पाहताना फरक पडतो का, असे कोणी विचारील. मालिकेच्या बाबतीत मी फार वाद घालणार नाही.

बातम्यांच्या बाबतीत मात्र घालेन. 'एनडीटीव्ही' प्रणय आणि राधिका रॉय यांनी १९८८ मध्ये उभी केली. २०२२ च्या अखेरीस तिचा ताबा अदानी समूहाकडे गेला. नाव मुद्दामच बदलले नाही, कारण त्या नावावरचा लोकांचा विश्वास हीच विकत घेतलेली सर्वांत मोलाची वस्तू होती. त्याच नावाने १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनी, 'एनडीटीव्ही मराठी' सुरू झाली. ही वाहिनी लावणाऱ्या आपल्या गावातल्या किती जणांना ती आज कोणाची आहे हे ठाऊक असेल? बंदर, वीज, विमानतळ यांच्या बातम्या पाहताना बातमी देणाऱ्याचा मालक याच क्षेत्रांत आहे की नाही, हे प्रेक्षकाला माहीत असायलाच हवे. कोणत्याही समूहाची वाहिनी असो, माझे म्हणणे हेच राहील. वृत्तपत्राला आपला मुद्रक, प्रकाशक आणि संपादक कोण हे रोजच्या अंकात छापावे लागते. वाहिनीच्या पडद्यावर मालकाचे नाव दिवसातून एकदाही येत नाही, ही उणीव गंभीर आहे. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या होत्या. त्यांचा कायदा झाला नाही.

नाव बदलल्यावर वाहिनी तीच राहते का, असे तुम्ही विचारले आहे. नावावरून त्याचे उत्तर मिळत नाही. संपादक कोण आहे, जिल्ह्यांतले वार्ताहर टिकले की कमी केले, पगार कोण देतो आणि कोणत्या विषयावर वाहिनी बोलायची थांबली, एवढे पाहा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डेट्रॉईटजवळ राहते. तिच्याकडे गेले असता तिथल्या टीव्ही केंद्रांना डब्ल्यूजेबीके, डब्ल्यूडीआयव्ही, डब्ल्यूडब्ल्यूजे अशी अक्षरे दिसली. ही नावे आहेत का? तिथेही मालक बदलला की ती बदलतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ती केंद्रांची सरकारी ओळखअक्षरे आहेत. अमेरिकेत प्रत्येक शहराला स्वतःची टीव्ही केंद्रे असतात आणि परवाना त्या त्या गावासाठी मिळतो. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची अक्षरे साधारणपणे डब्ल्यूने सुरू होतात, पश्चिमेकडची केने. केंद्राने दर तासाला ही अक्षरे आणि आपल्या गावाचे नाव सांगावे असा एफसीसी या नियामक आयोगाचा नियम आहे. एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स ही देशभरातली जाळी. गावोगावची बहुतेक केंद्रे दुसऱ्याच कंपन्यांची असतात आणि करार करून या जाळ्यांचे कार्यक्रम दाखवतात. मालक बदलला तरी अक्षरे राहू शकतात, आणि अक्षरे एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतात.

तुमच्या मुलीच्या शहरात हे जितक्या ठसठशीतपणे घडले तितके फार थोड्या ठिकाणी घडले असेल. १९४७ पासून डेट्रॉईटच्या ४ क्रमांकाच्या केंद्राची अक्षरे डब्ल्यूडब्ल्यूजे होती आणि मालक 'डेट्रॉईट न्यूज' हे वृत्तपत्र. एकाच शहरात वृत्तपत्र आणि टीव्ही केंद्र एकाच्या हाती नसावे, असे वारे पुढे नियामक आयोगात वाहू लागले. म्हणून १९७८ मध्ये या मालकांनी आपले केंद्र 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या कंपनीला दिले आणि बदल्यात तिचे वॉशिंग्टनमधले केंद्र घेतले. डेट्रॉईटचे केंद्र डब्ल्यूडीआयव्ही झाले. डेट्रॉईटचा डी आणि रोमन अंकातला चार.

दुसरा धक्का १९९४ चा, आणि त्याचे मूळ फुटबॉलमध्ये होते. अमेरिकन फुटबॉलचे सीबीएसकडे असलेले हक्क फॉक्सने १९९३ च्या डिसेंबरात १५८ कोटी डॉलर मोजून पळवले. सामने मिळाले, पण ते दाखवायला फॉक्सकडे दमदार केंद्रे नव्हती. मे १९९४ मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्ड या कंपनीत ५० कोटी डॉलर गुंतवले आणि तिची केंद्रे आपल्या जाळ्यात ओढली. त्यात डेट्रॉईटचे २ क्रमांकाचे डब्ल्यूजेबीके होते. वर्षानुवर्षे सीबीएस दाखवणारे हे केंद्र ११ डिसेंबर १९९४ रोजी फॉक्सचे झाले. तिथे अक्षरे तीच राहिली, जाळे बदलले.

सीबीएसला आता डेट्रॉईटमध्ये घर उरले नाही. शोधाशोध करून त्यांनी ६२ क्रमांकावरचे डब्ल्यूजीपीआर हे लहान केंद्र २ कोटी ४० लाख डॉलरना घेतले. त्या केंद्राचे मोल पैशांत मोजण्यासारखे नव्हते. २९ सप्टेंबर १९७५ रोजी सुरू झालेले ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे कृष्णवर्णीयांच्या मालकीचे पहिले टीव्ही केंद्र. विल्यम बँक्स या वकील-धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने एका कृष्णवर्णीय मेसन संघटनेने ते उभे केले होते. इतर केंद्रे ज्यांना दारात उभे करत नव्हती अशी तरुण मुले-मुली इथे कॅमेरा धरायला, निवेदन करायला, कार्यक्रम रचायला शिकली. 'द सीन' हा नाचाचा कार्यक्रम शहरभर गाजला. १९९५ मध्ये विक्री पूर्ण झाल्यावर नव्या मालकाने केंद्राचे नाव डब्ल्यूडब्ल्यूजे केले. ४ क्रमांकावरून सतरा वर्षांपूर्वी गेलेली अक्षरे अशी ६२ क्रमांकावर आली. सीबीएसकडे ती अक्षरे होती, कारण डेट्रॉईटचे १९२० सालापासूनचे जुने डब्ल्यूडब्ल्यूजे रेडिओ केंद्र तिच्याच मालकीचे होते.

विक्रीला शहरातल्या कृष्णवर्णीयांचा विरोध झाला, पण उपयोग झाला नाही. नाव मानाचे आले, तरी आपल्या वस्तीची खबर देणारे, आपल्या मुलांना उभे करणारे केंद्र गेले. पुढची कित्येक वर्षे त्या मोठ्या शहरातल्या सीबीएसच्या स्वतःच्या केंद्राकडे स्थानिक बातम्यांचा पूर्ण विभागही नव्हता. तो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. पुन्हा जाल तेव्हा ईस्ट जेफरसन ॲव्हेन्यूवरच्या डब्ल्यूजीपीआरच्या जुन्या इमारतीत जरूर जा. तिथे आता त्या केंद्राचे संग्रहालय आहे.

प्रश्न : आपण पाहतो त्या वाहिनीचा मालक कोण, हे सामान्य माणसाने कसे शोधावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परवानगी असलेल्या वाहिन्यांची यादी असते. नऊशेच्या आसपास वाहिन्या आहेत. प्रत्येकीपुढे तिची भाषा, ती वृत्तवाहिनी आहे की नाही, आणि परवानाधारक कंपनीचे नाव दिलेले असते. पुष्कळदा कंपनीचे नाव वाहिनीच्या नावाशी अजिबात जुळत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मुंबई किंवा राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला तिच्या भागधारकांचा तक्ता फुकट मिळतो. नोंदलेली नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे थोडे शुल्क भरून तिची कागदपत्रे पाहता येतात.

तक्त्यात माणसांऐवजी दुसरी कंपनी दिसली तर तिथे थांबू नका. एनडीटीव्हीचे २९ टक्के शेअर संस्थापकांच्या आरआरपीआर या कंपनीकडे होते. या कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या, कोणाच्या कानावर न आलेल्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटींचे कर्ज घेतले होते, आणि ते कर्ज आरआरपीआरच्या जवळजवळ सगळ्या शेअरमध्ये बदलून घेण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने ही विश्वप्रधान कंपनीच विकत घेतली आणि तो हक्क वापरला. या कर्जाच्या अटी ज्यांनी आधी वाचल्या होत्या, त्यांना त्या दिवशीच्या बातमीचे आश्चर्य वाटले नसेल. तेव्हा भागधारकांच्या यादीबरोबर कंपनीने कोणाकडून, कोणत्या अटींवर कर्ज घेतले आहे, तेही वार्षिक अहवालात शोधा.